सिंकची जागा पाइपचा उतार ठरवतो

डोंबिवलीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "आमची इमारत १९९२ सालची, तळमजला अधिक चार मजले अशी आहे आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गच्चीवर पत्रे घालण्याची सोसायटीची वर्गणी गेल्या वर्षी भरून झाली, म्हणून आता घरातले काम काढले आहे. स्वयंपाकघर आठ फूट बाय दहा फूट आहे. सिंक डक्टच्या (सांडपाण्याचे उभे पाइप जातात त्या बोळाच्या) भिंतीला, अंधाऱ्या कोपऱ्यात आहे आणि नवा ओटा करताना ते समोरच्या खिडकीखाली न्यावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे. भिंतीच्या कडेने मोजले तर हे अंतर साडेअकरा फूट भरते. कंत्राटदाराने तीन मार्ग सांगितले आहेत : सगळी जमीन दोन इंच उचलून पाइप लादीखालून न्यायचा, किंवा स्लॅबला भोक पाडून खालच्या काकूंच्या छताखालून न्यायचा, किंवा खिडकीबाहेरून पावसाच्या पाण्याचा पाइप उतरतो, त्यातच सिंकचे पाणी सोडायचे. तिसरा मार्ग सर्वांत स्वस्त पडेल, असे तो म्हणतो. सिंकखालचा जुना नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतले जाळीचे तोंड, तो बुजवणार आहे. काकूंच्या कानावर हे गेल्यापासून त्या आमच्याशी बोलत नाहीत. सेक्रेटरी तोंडी म्हणाले की, गळती होणार नसेल तर सोसायटीची हरकत नाही. साधारण वर्षभरापासून दुपारच्या वेळी सिंकखालून गुडगुड आवाज येतो आणि दुर्गंधी सुटते. नव्या सिंकबरोबर तो त्रासही जाईल, अशी आशा आहे. आम्ही कोणता मार्ग निवडावा?"

सप्रेम नमस्कार.

पत्रासोबत तुम्ही हाताने काढलेला नकाशा पाठवलात, त्यावर भिंतींची, दाराची आणि खिडकीची मापे लिहिलीत, याबद्दल आभार मानते. त्यामुळे मोघम बोलण्याची वेळ आली नाही. निर्णय आधी सांगते. तिन्ही मार्गांपैकी एकही स्वीकारू नका. सिंक मात्र खिडकीपाशी नेता येईल, कारण चौथा एक मार्ग आहे आणि तुमच्या स्वयंपाकघरात तो सहज बसतो. तुमच्या घरातल्या दुर्गंधीचा मात्र सिंकच्या जागेशी काहीही संबंध नाही. तिचे मूळ मला तुमच्याच पत्रातल्या दुसऱ्या एका वाक्यात दिसते. त्याकडे शेवटी येते.

नळाच्या पाण्यामागे टाकीचा दाब असतो, म्हणून ते वर चढवता येते, वळवता येते, हवे तिथे नेता येते. सिंकमधून सुटलेल्या पाण्यामागे असा कोणताच जोर नसतो. ते फक्त उतारावर चालते आणि चालताना भाताची शिते, डाळीचा गाळ, चहाचा चोथा आणि साबणात विरघळलेले तेल सोबत नेते. उतार कमी पडला की पाणी रेंगाळते, गाळ तळाशी बसतो, त्यावर तेलाचा थर गोठतो आणि काही महिन्यांत पाइपची वाट अरुंद होते. उतार फारच जास्त दिला तर पाणी एकदम धावते आणि जाताना सिंकखालच्या ट्रॅपमधले, म्हणजे वास अडवण्यासाठी मुद्दाम साठून राहणारे, पाणीही ओढून नेते. त्यामुळे ५० मिमी व्यासाच्या पाइपला सर्वसाधारणपणे चाळीसात एक, म्हणजे दर मीटरला २५ मिमी उतार धरतात. फुटाच्या हिशेबात तो पाव इंचाहून जरासा अधिक होतो. ओट्याचा ग्रॅनाइट, ट्रॉल्यांचा रंग, लादीची नक्षी हे सगळे नंतर ठरवता येते. आधी हा उतार मिळतो का, ते पाहावे लागते. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत निम्म्याहून अधिक घरी हा क्रम उलटा झालेला असतो, आणि मग शेवटच्या दिवशी प्लंबरला बोलावून "आता यातून पाइप काढा" असे सांगितलेले असते.

हाच उतार घेऊन पहिला मार्ग तपासू. साडेअकरा फूट म्हणजे सुमारे साडेतीन मीटर. तेवढ्या अंतरात पाइप ८८ मिमी खाली उतरला पाहिजे. पाइपची स्वतःची जाडी ५० मिमी, आणि वर माल व लादी मिळून किमान ४० मिमी. बेरीज झाली १७८ मिमी, म्हणजे सात इंच. तुमच्या काळच्या इमारतीत लादीखालचा थर फार तर दोन-अडीच इंच असतो. कंत्राटदार आणखी दोन इंच देणार, म्हणजे हातात साडेचार इंच आले. उरलेले अडीच इंच तो कोठून आणणार? एक तर पाइप जवळजवळ सपाट टाकील, नाही तर स्लॅब वरून छाटील. सपाट पाइप लादीखाली तुंबला तर लादी फोडण्यावाचून उपाय नसतो. आणि स्लॅब छाटणे ही गोष्ट मी तुम्हाला कोणत्याही परिस्थितीत करू देणार नाही, कारण चार-पाच इंच जाडीच्या स्लॅबमध्ये सळईवरचे काँक्रीटचे आवरण इंचभरही नसते. छिन्नी तिथे पोचली की सळई उघडी पडते, तिच्यावर ओल जाते आणि गंज धरतो. गंजलेली सळई फुगते आणि खालच्या घरातले प्लास्टर पोपडे धरून गळू लागते.

शिवाय जमीन उचलण्याचे वजन असते, आणि त्याचा विचार सहसा कोणी करत नाही. दोन इंच काँक्रीटचे वजन दर चौरस मीटरला १२० किलो होते. तुमच्या ऐंशी चौरस फुटांच्या स्वयंपाकघरात ते सुमारे ९०० किलो भरेल. राहत्या घराच्या स्लॅबची आखणी करताना माणसे, सामान वगैरे मिळून दर चौरस मीटरला २०० किलोंचा वापरातला भार धरलेला असतो. त्यातला निम्म्याहून अधिक हिस्सा एका कोब्यातच कायमचा खर्ची पडेल, आणि त्यावर ओटा, ग्रॅनाइट, फ्रिज, धान्याचे डबे वेगळेच. इमारत तीस वर्षांपुढची आहे. मी हे ओझे त्या स्लॅबवर टाकणार नाही.

दुसऱ्या मार्गाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तुमचा पाइप काकूंच्या छताखाली टांगला की तो तुंबल्यावर उघडायला, सांधा पाझरला तर दुरुस्त करायला, प्रत्येक वेळी त्यांच्या घरात शिडी न्यावी लागेल, आणि त्या गावाला गेल्या असतील तर तुमचे सिंक बंद राहील. जुन्या इमारतींत संडास-बाथरूमचे ट्रॅप असेच खालच्या घरात लोंबत असत आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांची कितीतरी भांडणे तिथूनच सुरू झाली. स्लॅबला पाडलेल्या भोकाभोवतीचे वॉटरप्रूफिंग कितीही नीट केले तरी तो जोड कायमच कच्चा राहतो. काकूंचा राग रास्त आहे, असे मला वाटते.

तिसऱ्या मार्गावर मात्र थांबून लिहिते, कारण तो स्वस्त आहे, दिसायला सोपा आहे आणि सर्रास केला जातो. सिंक म्हणू नका, ड्राय बाल्कनीतले वॉशिंग मशीन म्हणू नका, खिडकीबाहेर पाइप दिसला की त्यात जोड मारायचा, अशी सवय पडली आहे. पावसाच्या पाण्याचा पाइप गच्चीवरचे स्वच्छ पाणी उतरवण्यासाठी असतो. तो मलवाहिनीच्या चेंबरकडे जात नाही. तो उघड्या गटारात, पर्जन्यवाहिनीत, आणि सोसायटीने पाणी जिरवण्याची सोय केली असेल तर थेट शोषखड्ड्यात किंवा बोअरवेलच्या पुनर्भरणात सुटतो. तुमच्या खरकट्याचे पाणी तिथे जाणार, गटारात माश्या आणि घुशी होणार, नाही तर बोअरचे पाणी नासणार. त्या पाइपला वाटेत कुठेही ट्रॅप नसतो, म्हणून त्यात कुजणाऱ्या तेलाचा वास वर गच्चीपर्यंत आणि प्रत्येक मजल्याच्या खिडकीत शिरतो.

याहून मोठा धोका पावसाळ्यातला. काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये ठाण्यातल्या एका इमारतीतून मला सकाळीच फोन आला. पहिल्या मजल्यावरच्या घरात गेले तेव्हा ओट्यावरचे सिंक काठोकाठ भरलेले होते आणि नळ बंद होता. पाणी खालून येत होते. त्यात शेवाळ होते, कुजलेला पिंपळपाला होता, वर साबणाचा राखाडी फेस तरंगत होता, आणि प्रत्येक सरीबरोबर ते ओट्यावरून ओघळून ट्रॉल्यांत उतरत होते. घरातल्या आजी पिठाचे डबे उचलून पलंगावर ठेवत होत्या. या घराने आणि वरच्या तीन घरांनी आपापली सिंक त्या पावसाच्या पाइपला जोडली होती. तळाशी तेलाचा गोळा साचून वाट बंद झाली होती. गच्चीवरचे सारे पाणी पाइपमध्ये उभे राहिले आणि त्याला बाहेर पडायला जे पहिले तोंड सापडले ते या आजींच्या सिंकचे होते. पाइपचा तळाचा बेंड आम्ही कापून काढला, तेव्हा चार इंचांच्या पाइपमध्ये दोन बोटे जातील एवढीच वाट उरली होती. बाकी सगळा पिवळट, साबणासारखा घट्ट थर, आणि त्यात रुतलेली चहाची गाळणी. तुम्ही तिसऱ्या मजल्यावर आहात, म्हणून तुमच्या सिंकमध्ये हे पाणी येणारही नाही. ते पहिल्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी घरात शिरेल. एवढ्यासाठी हा मार्ग तुम्ही मनातून काढून टाकावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता चौथा मार्ग. पाइप जमिनीखालून गेला पाहिजे, हा समजच मुळात चुकीचा आहे. तुमचा ओटा जमिनीपासून ३४ इंचांवर असेल. सिंकची खोली आठ इंच धरली आणि त्याखाली बॉटल ट्रॅप बसवला, तरी पाणी ट्रॅपमधून बाहेर पडते ते जमिनीपासून सुमारे १८ इंचांवर, म्हणजे ४५० मिमीवर. तिथून साडेतीन मीटरला ८८ मिमी उतार दिला की पाइप डक्टच्या भिंतीपाशी ३६० मिमीवर पोचतो. अजून चौदा इंच उंची शिल्लक राहते! लादीला हात लावावा लागत नाही, स्लॅबला भोक नाही, काकूंच्या घरात पाऊल नाही. पाइप सगळा ओट्याखालून, ट्रॉल्यांच्या मागून, भिंतीला क्लॅम्पने धरून जाईल. तुमच्या नकाशात सिंकच्या नव्या जागेपासून डक्टपर्यंत कुठेही दार येत नाही, सलग ओटा आहे आणि मध्ये एकच कोपरा आहे. सिंक बाल्कनीत किंवा शेजारच्या खोलीत न्यायचे असते तर वाटेतल्या दाराच्या उंबऱ्याने हा मार्ग अडवला असता आणि मी तुम्हाला सिंक आहे तिथेच ठेवायला सांगितले असते. तसे नाही, हे तुमचे भाग्य.

एक तडजोड मात्र सुचवते. सिंकपासून डक्टपर्यंतचा आडवा पाइप तीन मीटरच्या आत ठेवावा, असे माझे मत आहे. पाइप जितका लांब तितका तेलाला थंड होऊन चिकटायला वेळ मिळतो. खिडकी तुमच्या मापाप्रमाणे चार फूट रुंद आहे. सिंक तिच्या मध्यावर न ठेवता डक्टकडच्या अर्ध्या भागात घेतले, तर अंतर साडेनऊ फुटांवर, म्हणजे २.९ मीटरवर येते. उजेड तोच मिळेल आणि भांडी निथळायला सिंकच्या पलीकडे ओटाही राहील.

हा पाइप डक्टपाशी कोठे सोडायचा? इथे तुमचा कंत्राटदार मोठी चूक करायला निघाला आहे. जुना नहाणी ट्रॅप बुजवू नका. नवा पाइप त्याच ट्रॅपमध्ये आणून सोडा. त्यामुळे डक्टमधला उभा पाइप कापावा लागणार नाही. १९९२ सालच्या इमारतीत तो बहुधा बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, असेल, आणि बीडाच्या जुन्या पाइपला मध्येच नवा जोड देताना शेजारचे सांधे हलतात. दुसरा लाभ असा की, नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम उभे राहिले पाहिजे, कारण डक्टमधली घाण हवा आणि झुरळे अडवणारी तीच एक भिंत असते. पूर्वी स्वयंपाकघराची मोरी रोज धुतली जाई, म्हणून ते पाणी आपोआप टिकत असे. आता आपण ओल्या फडक्याने जमीन पुसतो, ट्रॅप ट्रॉल्यांखाली झाकला जातो आणि मे महिन्यात त्यातले पाणी आटून जाते. सिंकचे पाणी रोज त्यातून गेले की तो कधीच कोरडा पडणार नाही. त्या जागेवरच्या ट्रॉलीचा तळ मात्र उचलता येईल असा ठेवायला सुताराला आत्ताच सांगा.

पाइपविषयी काही गोष्टी कंत्राटदाराशी करार करतानाच पक्क्या करा. सांडपाण्याच्या यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकच्या, पाइपसाठी आयएस १३५९२ हे भारतीय मानक आहे. त्यात ए आणि बी असे दोन प्रकार आहेत. ए प्रकार हवेच्या आणि पावसाच्या पाइपसाठी, बी प्रकार सांडपाण्यासाठी. पाइपच्या अंगावर तसे छापलेले असते, ते स्वतः वाचून घ्या. कोपऱ्यावर काटकोनी एल्बो न लावता ४५ अंशांचे दोन बेंड लावायला सांगा आणि तिथेच साफसफाईसाठी झाकणाचा तुकडा ठेवायला सांगा. क्लॅम्प दर दोन फुटांवर हवेत. उकळते पाणी वारंवार पडले की हा पाइप नरम होतो आणि क्लॅम्प लांब लांब असतील तर मध्ये झोळ धरतो. एकदा झोळ आला की उताराचे सगळे गणित वाया जाते. भाताची पेज किंवा शेवयांचे पाणी गाळताना गार पाण्याचा नळ सोबत सोडावा, हे त्यासाठीच. सिंकच्या तोंडाला जी घड्यांची लवचिक नळी मिळते, ती लावू देऊ नका, तिच्या प्रत्येक घडीत गाळ बसतो. आणि ट्रॉल्या करणाऱ्याला सांगून ठेवा की, मागच्या भिंतीपासून चार इंच जागा मोकळी हवी. हे आधी सांगितले नाही, तर तो ट्रॉल्या भिंतीला टेकवून मोकळा होतो आणि मग पाइपसाठी त्यांच्या पाठी कापाव्या लागतात.

सिंकमध्ये खरकटे दळणारे यंत्र बसवण्याचा विचार असेल तर तो सोडावा. तीन मीटर आडव्या पाइपला तो लगदा झेपणार नाही. तळणीचे तेल सिंकमध्ये ओतू नये आणि तेलकट कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून मग घासावी. पाइप तुंबला तर ॲसिड ओतू नका. बीडाचा पाइप आणि त्याचे सांधे त्याने खाल्ले जातात. झाकण उघडून स्प्रिंग फिरवली की काम होते.

आता दुर्गंधीकडे येते. तुम्ही दोन गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी लिहिल्यात : गच्चीवर गेल्या वर्षी पत्रे घातले, आणि साधारण वर्षभरापासून गुडगुड ऐकू येते. माझ्या अंदाजाने या दोन्ही एकच गोष्ट आहेत. डक्टमधला सांडपाण्याचा उभा पाइप सर्वांत वरच्या घरापाशी संपत नाही. तो गच्चीच्या वर उघड्या तोंडाने काढलेला असतो आणि त्यावर काउल, म्हणजे जाळीची टोपी असते. पुष्कळांना तो निरुपयोगी वाटतो, कारण त्यातून काही वाहताना दिसत नाही. त्यातून हवा आत जाते. चौथ्या मजल्यावरून बादलीभर पाणी उभ्या पाइपमध्ये पडले की ते आपल्या मागे हवा ओढते. वरचे तोंड उघडे असेल तर ती हवा गच्चीवरून येते. पत्र्याची शेड करताना हा पाइप आड येतो, म्हणून कारागीर तो कापून पत्र्याखाली बंद करून टाकतात. मग पडणारे पाणी हवा ओढते ती जवळच्या ट्रॅपमधून, आणि सर्वांत जवळचा ट्रॅप तुमचा आहे. दोन इंच पाण्याची भिंत फुटते, गुडगुड होते आणि डक्टमधली हवा स्वयंपाकघरात येते. दुपारीच का, तर वरच्या घरातली जेवणाची भांडी तेव्हा घासली जात असावीत.

हे तपासणे अवघड नाही. नहाणी ट्रॅपची जाळी काढा, त्यात तांब्याभर पाणी ओता आणि विजेरीचा प्रकाश पाण्यावर धरा. वरच्या घरी कोणाला तरी सिंकमध्ये एकदम बादली ओतायला सांगा. पाण्याची पातळी खाली ओढली गेली तर गच्चीवरचे तोंड बंद आहे. उलट पाणी वर उसळले तर तळाकडे कुठे तरी पाइप तुंबला आहे. पहिली शक्यता खरी ठरली तर उपाय अगदी किरकोळ आहे : पत्र्याला भोक पाडून पाइप शेडच्या वर काढायचा, वर काउल बसवायची आणि पत्र्याच्या भोकाभोवती पावसाचे पाणी झिरपणार नाही असा पत्र्याचा गळपट्टा करायचा. पाइपचे तोंड कोणाच्याही खिडकीजवळ नको. शेड सोसायटीने केली, उभा पाइप सोसायटीचा, तेव्हा हा खर्च सोसायटीने करावा, हे उघड आहे. नवे सिंक बसवण्याआधी हे काम झाले पाहिजे, नाही तर नव्या सिंकमधूनही तोच वास येत राहील.

सेक्रेटरींच्या तोंडी संमतीवर विसंबू नका. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेत फेरबदल करताना सभासदाने समितीची परवानगी घ्यावी लागते. त्याच उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपची आणि ड्रेनेजची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते, तर सिंक, संडास वगैरे घरातल्या गोष्टींमुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती ज्याची त्याने करायची असते. म्हणून अर्जासोबत एका कागदावर ओटा, पाइपची वाट, दोन्ही टोकांची उंची आणि ट्रॅपची जागा काढून द्या, आणि "स्लॅब, बीम, उभा पाइप व पावसाचा पाइप यांना हात लावला जाणार नाही" हे वाक्य त्यावर स्पष्ट लिहा. समितीने सही-शिक्क्यानिशी दिलेली प्रत जपून ठेवा. पुढे कधी घर विकताना किंवा खालच्या घरात ओल आली असता तीच कामाला येते. गच्चीवरच्या पाइपसाठी वेगळा अर्ज करा, दोन्ही विषय एकत्र मिसळू नका. नव्या इमारतीत राहणाऱ्या वाचकांसाठी एवढेच सांगते की, २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामाच्या कारागिरीतला दोष निदर्शनास आणून दिला, तर विकासकाने तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. चुकीच्या उताराचा पाइप त्यात नक्कीच बसतो. तुमच्या इमारतीला तो लागू नाही.

पाइप जोडून झाल्यावर आणि ट्रॉल्या बसवण्याआधी एक दिवस मोकळा ठेवा, सुतार कितीही घाई करो. पाणसळ पाइपवर धरून उतार पुऱ्या लांबीत एकसारखा आहे का ते पाहा. नंतर नहाणी ट्रॅपकडचे तोंड बूच लावून बंद करा, सिंकमधून पाइप भरा आणि तासभर तसाच ठेवा. प्रत्येक सांध्याखाली कोरड्या वर्तमानपत्राची पट्टी अंथरा, म्हणजे एक थेंबही लपणार नाही. मोजपट्टी पाइपशेजारी धरून फोटो काढा, कारण एकदा ट्रॉल्या लागल्या की पाइप कुठून गेला हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

आणि त्या दिवशी काकूंना वर बोलवा. पाइप त्यांच्या छताखालून जाणार नाही हे तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा त्यांनी तो भिंतीवर, जमिनीपासून हातभर उंचीवर गेलेला डोळ्यांनी पाहावा. पाइप भरलेला असताना तासाभराने त्यांच्याच स्वयंपाकघरात जाऊन दोघींनी मिळून छत पाहा आणि आज तिथे जो काही जुना डाग असेल, त्याचा फोटो त्यांच्या समोरच काढून त्यांनाही पाठवून द्या.